वापस आलेला डबा

अव्वा,

तुला माती देऊन आम्ही परतलो, त्याला आज अकरा दिवस झाले. जिवंतपणी मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि तू दर वेळी म्हणायचीस, "मला तुम्ही कशाला म्हणतीस? मी काय तहसीलदार हाय?" तरी माझ्या तोंडून कधी 'तू' निघालं नाही. आता निघतंय, तर निघू दे.

त्या दिवशी तुझ्या दारात लई लोक होते. कोणी तुला समाजसेविका म्हणालं, कोणी माउली म्हणालं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला, तुझ्या पुतण्याच्या लग्नातला, डोक्यावर पदर घेतलेला. मी तो कापून ठेवलाय, पण त्यात तू मला दिसत नाहीस. मला तू दिसतेस ती लातूरच्या क्लासच्या मागच्या गल्लीत, तुझ्या घराच्या मागल्या अंगणात, नळाखाली डब्यांचा ढीग घेऊन बसलेली. स्वयंपाकाला तुझ्याकडं दोन बाया होत्या. पण वापस आलेले डबे उघडायचं आणि घासायचं काम तू कुणाला दिलं नाहीस. झाकण काढायचं, आत बघायचं, कुणाचा डबा ते वरचं नाव वाचायचं, मग पाण्याखाली धरायचं. तुझी निलंग्याकडची कानडी बोली, त्यामुळं तुझी पोरं तुला अव्वा म्हणायची, म्हणजे आई. त्यांचं ऐकून नांदेड, परभणी, बीडकडून डॉक्टर व्हायला आलेली सगळीच पोरं अव्वा म्हणायला लागली. माझा सुमेध त्यातलाच एक.

आपली पहिली भेट फोनवरची. ती मला आठवली की अजून कान गरम होतात.

मी नायगाव तालुक्यातल्या एका गावात आरोग्यसेविका. त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं. मांडीवर दोन महिन्यांचं लेकरू, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन.

"सुमेधची मम्मी का?"

"हो. कोण?"

"मी डबेवाली, लातूरहून. तुमच्या पोराचा डबा चार दिस झाले भरलेला वापस यायलाय."

"बाहेर खात असेल. रोज तेच खाऊन मुलांना कंटाळा येतो."

"कंटाळा आला तर भाजी सोडतेत. भाकर तरी तोडतेत. ह्यानं झाकण बी उघडलं न्हाई. काल मी खोलीवर गेले, तर दारात उभं राहून नीट बोलता येईना त्याला. जीभ जड झाली होती."

"तुम्हाला म्हणायचंय काय?"

"काही म्हणत न्हाई. या, एवढंच म्हणते."

मग मी बोलले. अंगणवाडीतल्या बाया ऐकत होत्या म्हणून आणखी जोरात बोलले. म्हणाले, डबा पोचवणं तुमचं काम आहे, ते करा. माझा मुलगा कसा आहे ते मला माहीत आहे.

 "बरं. तुम्हाला माहीत हाय तर बरंच हाय," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

त्याच दिवशी सकाळी मी गावातल्या हायस्कूलमध्ये व्यसनमुक्तीवर बोलून आले होते. माझ्याकडं पोस्टर होती, काळी पडलेली फुप्फुसं, सडलेला जबडा, दारूनं सुजलेलं लिव्हर. ती मी वर्षानुवर्षं भिंतीला लावत होते. मागच्या बाकावरची पोरं तोंडात पुडी धरून ती बघत आणि एकमेकांना कोपर मारत. मी त्यांना रागवायचे आणि हजेरीपटावर सही घेऊन परत यायचे.

मी लगेच आले नाही, अव्वा. आले ते रविवारी. सुमेधचे पप्पा म्हणाले, परीक्षा जवळ आलीय, उगं त्याला त्रास देऊ नको. मलाही तेच ऐकायचं होतं. शेवटी शनिवारी सुमेधला फोन केला, तर तो "हां मम्मी, हां मम्मी" एवढंच म्हणत राहिला, मी काय विचारतेय ते न ऐकता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडला आले आणि तिथून लातूरची एसटी धरली. खोलीवर तो नव्हता. त्याच्यासोबतचा पोरगा खाली बघत म्हणाला, "तो अव्वाकडं जेवायला गेलाय, काकू."

मी तुझं घर विचारत आले. सुमेध तुझ्या ओट्यावर ताट घेऊन बसला होता. समोर तू, सुपात ज्वारी घेऊन. त्याचे हात कापत होते. भाकरीचा तुकडा कढीत बुडवून तोंडापर्यंत नेताना निम्मी कढी शर्टावर सांडत होती. मला बघून त्यानं मान आणखी खाली घातली.

तू फोनवरचं काहीच काढलं नाहीस. म्हणालीस, "हात धुवा. भाकर गरम हाय." मग गाव विचारलंस, आडनाव विचारलंस. हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय आणि उत्तरानंतर माणसाचा चेहरा कसा बदलतो तेही मी पाहत आलेय. भाड्याच्या खोल्या बघताना, नोकरीच्या पहिल्या गावात पाणी मागताना. म्हणून आडनाव सांगून मी तुझ्याकडं बघत राहिले. तू माझ्या ताटाकडं बघत होतीस, चटणी वाढायची राहिली का म्हणून.

मागून कळलं ते असं. मला फोन केल्यानंतर तू त्याचा डबाच बंद केला होतास. निरोप पाठवला होतास, भूक लागली तर इथं ये, माझ्यापुढं बसून खा. पहिल्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी तू खोलीवर गेलीस, तेव्हा त्यानं तुला शिवी दिली. हे तू मला सांगितलंस ते दोन वर्षांनी, तेही हसत. त्या दिवशी तू जिन्यावर बसून राहिलीस. तासाभरानं तो बाहेर आला आणि तुझ्या मागं चालत तुझ्या घरी गेला. काय बोललीस तू त्याला, असं मी किती वेळा विचारलं. "काही न्हाई. गुडघे दुखतेत म्हणलं, हात धर म्हणलं, धरला त्यानं."

जागरणासाठी म्हणून गोळ्या, मग झोप येईना म्हणून दुसऱ्या गोळ्या, मग खोकल्याचं औषध, वाढदिवसाला बिअर, आणि पुढं वाढदिवस नसतानाही. सगळं त्यानं तुझ्या ओट्यावर बसून सांगितलं, मला नाही, तुला. मी तिथंच खांबाला टेकून ऐकत होते. नर्सिंगला जे शिकले ते सगळं मला आठवत होतं आणि त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघत नव्हतं.

त्यानंतर मी दर पंधरवड्याला लातूरला यायला लागले, पोरासाठी म्हणून. हळूहळू तुझ्यासाठीही. तुझी गुरुवारची बैठक मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती भिशीच वाटली होती. दुपारची भांडी आटपून आठ-दहा बाया तुझ्या अंगणात जमायच्या. सगळ्या डबे देणाऱ्या, नाहीतर खोल्या भाड्यानं देणाऱ्या. कोणाचा डबा भरलेला येतोय, कोणाच्या खोलीचा पडदा दिवसभर लागलेला असतो, कोण अंघोळीचं पाणी मागेनासा झालाय, एवढंच बोलायच्या. एक बाई पहिल्यापासून कुरकुरत होती. "आपण विचारलं की पोरगं दुसरी मेस धरतंय. आपलं गिऱ्हाईक जातंय."

तू म्हणालीस, "जाऊ दे. माझ्याकडून गेलेलं तू घेऊ नको, तुझ्याकडून गेलेलं मी घेत न्हाई. आधी त्याला विचारायचं, का सोडली."

ते सगळ्यांनी पाळलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचं मात्र सोपं नव्हतं. चिठ्ठीशिवाय तो पोरांना औषध देतो हे गल्लीला माहीत होतं. तू त्याच्याशी भांडली नाहीस. दुपारी मेथीची जुडी घेऊन त्याच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसायला लागलीस. निवडायचीस, आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला नावानं हाक मारायचीस. "काय रे, बरं न्हाई का तुला? काय घेतलंस, बघू." महिन्याभरात पोरं त्या दुकानाला वळसा घालून जायला लागली. मग एका गुरुवारी तो स्वतःच तुझ्या अंगणात येऊन उभा राहिला. "अव्वा, तुम्ही तिथं बसू नका. मी देत नाही आता." तू त्याला म्हणालीस, "बसू दे की. सावली चांगली हाय तिथं." आणि बसत राहिलीस.

आपली भांडणं कमी झाली नाहीत. मी सरकारी बाई, मला नोंद लागते. मी तुला एक जाड रजिस्टर आणून दिलं, रकाने आखून, नाव, गाव, वय, कशाचं व्यसन, पालकांचा फोन. तू ते बाजूला ठेवलंस. दोन आठवड्यांनी बघते, तर कोरं.

"अव्वा, लिहिलं नाही तर किती मुलं बरी झाली ते कळणार कसं?"

"कळून कोणाला सांगायचंय? एकदा नाव लिहिलं की ते कोणीतरी वाचतंय. मग ते पोरगं जल्मभर त्या वहीतलं होतंय."

मला ते अडाणीपणाचं वाटलं, आणि मी तुला तसं बोलूनही दाखवलं. मग उदगीरकडचा तो पोरगा आला. त्याचे आईबाप फोन उचलत नव्हते. तू म्हणालीस, आपण त्याच्या गावी जाऊ. मी म्हणाले, क्लासवाल्यांना सांगू, ते जबाबदार लोक आहेत. तुझं न ऐकता मीच जाऊन सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. पेटी घेऊन तो निघाला तेव्हा तू त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेलीस. त्याचा पुढं काही पत्ता लागला नाही. तू मला एका शब्दानं टोचलं नाहीस, आणि तेच मला जास्त लागलं. मी त्याच्या गावापर्यंत जाऊन आले, अव्वा, गेल्या वर्षी. घर बंद होतं. शेजारी म्हणाले, सगळे ऊसतोडीला गेलेत. हे तुला सांगितलं नव्हतं.

दवाखान्याच्या भांडणात मात्र तू हरलीस. सुमेधचे हात कापायचे थांबेनात, झोप येईना. मी म्हणाले, नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात नेते, डॉक्टरला दाखवते. तुझं म्हणणं, माणसात ठेव, पोटभर खाऊ घाल, वेड्याच्या डॉक्टरकडं नेलंस तर पोरगं खचेल. मी म्हणाले, भाकरीनं गोळी सुटत नाही अव्वा, अंगाला लागलेली असते ती. आपण दोघी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मी सुमेधला घेऊन ओपीडीच्या रांगेत उभी होते आणि मागं वळून बघते तर तू. लातूरहून सकाळच्या एसटीनं आली होतीस, हातात डबा. डॉक्टर काय सांगतात ते सगळं ऐकलंस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "हे मला म्हाईत नव्हतं. हळूहळू कमी करावं लागतंय व्हय. एकदम बंद केलं तर जिवाला धोका म्हणला ना तो?" त्यानंतरच्या गुरुवारी तू सगळ्या बायांना तेच सांगितलंस, माझ्याहून सोप्या शब्दांत. इतकी वर्षं मी पोस्टर लावतेय, पण चुकलेलं इतक्या सहज कबूल करून दुसऱ्या दिवशी कामाला लागलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

येळवसचा दिवस आठवतो. त्या अमावस्येला सगळं लातूर शेतात जातं, गल्ल्या ओस पडतात. लांबची पोरं खोल्यांवर एकटी राहतात आणि नेमकी तेव्हाच पार्टी करतात, हे तू ओळखलं होतंस. तू टेम्पो ठरवून सगळ्यांना भावाच्या शेतात घेऊन गेलीस, मलाही. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. सुमेधनं आंबिलाचे चार तांबे संपवले आणि ज्वारीत आडवा पडून झोपला. गोळीशिवाय, भर दुपारी. मी त्याच्याजवळ बसून राहिले. तू लांबून बघितलंस आणि पोरांना म्हणालीस, "तिकडं गोंधळ घालू नका रे." पंचावन्न मिनिटं झोपला होता तो. मी घड्याळ बघत होते.

मग मी तुला आमच्या गावात आणलं. विहाराच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या, माईक लावला. बाया होत्या, पण बाप्येही बरेच आले होते, पाहुणी लातूरची म्हणून. तू माईक बाजूला सारलास. सगळ्यांना वाटलं, आता दारूवर बोलेल. तू विचारलंस, "काल पोरासोबत कोण कोण जेवलं?"

 एकदोन हात वर झाले आणि अर्ध्यातून खाली आले. मग मागून एक माणूस उठला. आमच्याच गल्लीतला, मी त्याला अनेकदा पिऊन पडलेला पाहिलाय. तो म्हणाला, "बाई, माझीच सुटंना. मी पोराला काय सांगू?"

लोक हसले. तू हसली नाहीस.

"तेच सांग त्याला," तू म्हणालीस. "सुटंना म्हणून सांग. लपवून का ठेवतूस?"

 तो खाली बसला आणि उपरण्यानं तोंड पुसलं. तो आज सुटलाय असं नाही, अव्वा. अधूनमधून पितो. पण त्याचा पोरगा पीत नाही आणि बापाला दर महिन्याला नांदेडला दवाखान्यात तोच घेऊन जातो. शाळेत मी आता पोस्टर लावत नाही. शाळेत खिचडी शिजवणारी बाई मला सांगते, कोणाचं ताट भरलेलं राहतंय. केस कापणारा सांगतो, कोण खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतोय. आम्हीही गुरुवारी बसतो. रजिस्टर नाही.

एकदा एक पत्रकार पोरगी तुझ्याकडं आली होती. ती फिरून फिरून तेच विचारत होती, तुमच्या घरात कोणी व्यसनानं गेलं का, म्हणून तुम्ही हे काम करता का. मीही कान देऊन होते, कारण मलाही तेच वाटायचं. तू म्हणालीस, "माझ्या घरात कोणी पीत न्हाई. कोणी मेलं न्हाई. मरावं लागतंय का त्याच्यासाठी? डबा माझा हाय, तो भरलेला आला तर मी इचारणार की." ती बिचारी वही बंद करून बसली. तिच्या बातमीला हवं ते मिळालं नाही.

सुमेध डॉक्टर झाला नाही. नांदेडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो, त्याचा कोर्स केला त्यानं. मधे आठ महिने नीट राहून मित्राच्या वरातीत पुन्हा प्याला. मी तुला फोन करून रडले. म्हणाले, सगळं पाण्यात गेलं. तू म्हणालीस, "आठ महिने ऱ्हायला का न्हाई? मग ते आठ महिने कुठं गेले न्हाईत. ते त्याचेच हायत. त्याला फोन दे." त्याच्याशी काय बोललीस ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. आता सव्वादोन वर्षं झाली. मी त्याला विचारत नाही. तोच मधे मधे सांगतो.

तुला माती देताना तुमच्या रिवाजाप्रमाणं खड्ड्यात बसवलं होतं. सुमेध खड्ड्याच्या कडेला उभा होता. त्याच्यासारखे कितीतरी होते, मला सगळ्यांची नावंही माहीत नाहीत. एक जण तर डॉक्टर होऊन आला होता, गळ्यात स्टेथोस्कोप विसरून तसाच. कोणी कोणाला विचारत नव्हतं, तू अव्वाकडं का जायचास म्हणून.

आता ते सांगते, जे तुला सांगायचं राहिलं.

तू फोन केलास तेव्हा मला माहीत होतं, अव्वा. त्याआधीच्या दिवाळीत सुमेध घरी आला होता. माझ्या सासूबाईंना झोपेच्या गोळ्या चालू होत्या, मीच आणून द्यायची, मीच कपाटात ठेवायची. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बघितलं तर एक अख्खी पट्टी नव्हती. घरात आम्ही चौघं. पट्टी कुठं गेली ते एका क्षणात कळलं मला. आणि मी सासूबाईंना म्हणाले, तुम्हीच कुठंतरी ठेवून विसरला असाल. त्या बिचाऱ्या दोन दिवस उशा उलटून शोधत होत्या. मी कपाटाला कुलूप लावलं आणि गप्प बसले. तुझ्यावर ओरडले ते तू खोटं बोलत होतीस म्हणून नाही. जे मी झाकलं होतं ते एका परक्या बाईनं उघडलं म्हणून. इतक्या वेळा तुझ्या ओट्यावर बसले, इतक्या वेळा ओठांवर आलं, आणि तू माझ्याकडं चांगली आई म्हणून बघतेस असं वाटून मी ते गिळलं.

तुला माती देऊन परत येताना एसटीत सुमेध खिडकीशी बसला होता. अहमदपूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आम्ही दोघं आतच राहिलो. मी त्याला सगळं सांगितलं. दिवाळी, पट्टी, सासूबाई.

तो बाहेर बघतच म्हणाला, "मला माहीत होतं, मम्मी."

"काय माहीत होतं?"

"तुला कळलंय ते. तू कपाटाला कुलूप लावलंस ना. जायच्या दिवसापर्यंत मी वाट बघत होतो, तू काहीतरी म्हणशील म्हणून. मग लातूरला गेलो, आणि डब्यावरून अव्वानं विचारलं."

मी त्याची माफी मागितली. आईनं पोराची मागावी का, हा विचार तेव्हा आला नाही. त्यानं माझा हात हातात घेतला आणि गाडी सुटली. लोह्यापर्यंत तो बोलत होता. त्या खोलीतलं, त्या दिवसांतलं, मी कधी न विचारलेलं. नांदेड आलं तरी संपलं नव्हतं, म्हणून आम्ही स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिलो आणि नायगावच्या दोन गाड्या सोडून दिल्या.